गाडी बघायला जाताना टेप घेऊन जा

पोरी, तू फोनवर विचारलंस, "मावशी, रोज शाळा-ऑफिसला चालेल आणि सुट्टीत आम्ही तिच्यातच मुक्काम करू शकू, अशी गाडी कोणती घ्यावी?" हे फोनवर सांगून संपणारं नाही, म्हणून लिहून धाडते. कराडला हायवेलगत तुझ्या काकांचं गॅरेज होतं आणि गॅरेजची वही माझ्याकडे असायची. माणसं कशाला भुलून गाडी घेतात आणि पुढे कशाला वैतागून विकतात, हे त्या वहीपाशी बसून पुष्कळ ऐकलं आहे. जावईबापूंनाही वाचायला दे. गाडीचे रंग आणि चाकं त्यांनी बघावीत, माझं म्हणणं बाकीच्या गोष्टींबद्दल आहे.

पहिलं म्हणजे वर्षाचा हिशेब मांड. मुक्कामाच्या रात्री कितीही हौस धरली तरी दोन आठवड्यांच्या वर जात नाहीत. दिवाळीची सुट्टी, नाताळचे चार दिवस, एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार. उरलेलं सगळं वर्ष तीच गाडी पोरांना शाळेत सोडणार, तुझ्या सासूबाईंना दवाखान्यात नेणार, मंडईच्या गल्लीत वळणार आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहणार. म्हणून गाडी निवडायची ती या रोजच्या कामासाठी. मुक्काम तिच्याकडून जमवून घ्यायचा. उलटं करणारे वर्षभर अवजड गाडी ओढतात आणि शेवटी ती गाडी घरीच ठेवून रिक्षाने जातात.

परदेशातल्या कॅम्परचे व्हिडिओ बघून तुझ्या डोक्यात ओटा, सिंक, संडास असं काहीबाही आलं असेल तर ते आजच काढून टाक. तिकडे अशा गाड्यांना थांबायला आखलेल्या जागा असतात, घाण पाणी ओतायची सोय असते. आपल्याकडे गाडीतला संडास भरला की तो रिकामा करायचा कुठे, हा प्रश्न पहिल्याच सकाळी उभा राहील. पण म्हणून गाडीत संसार करणं आपल्याला नवं आहे असं समजू नकोस. आषाढीच्या वारीत दिंडीचे ट्रक बघ. साठ-सत्तर माणसांचं अंथरूण, पातेली, शिधा, राहुट्या सगळं एका ट्रकमध्ये. दुपारच्या विसाव्याला लागणारं सामान फाळक्याशी, रात्रीच्या मुक्कामाचं त्याच्या आत, आणि पंढरपूरला पोचल्यावरच लागणारं एकदम पुढे केबिनकडे. शेवटी चढवलेलं आधी उतरतं, एवढ्या एका नियमावर तो ट्रक पंढरपूरपर्यंत जातो. तू गाडी लावशील तेव्हा हाच नियम पाळ. चहाचं सामान, टॉर्च, पावसाचे कोट आणि चपला डिकीच्या तोंडाशी.

आता टेप. शोरूमला किंवा सेकंड हँड गाडी बघायला जाताना पर्समध्ये शिंप्याची नाही, सुताराची पाच मीटरची पोलादी टेप टाक. विक्री करणारा पोरगा तुला स्क्रीन किती इंचाची आहे ते सांगेल. तू त्याला सगळ्या मागच्या सीट पाडायला सांग आणि चार मापं घे.

एक, लांबी. मागचं दार लावून, पुढच्या सीट जितक्या पुढे जातात तितक्या सारून, दाराच्या आतल्या बाजूपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत किती भरतं? जावईबापू पावणेसहा फूट आहेत, म्हणजे सहा फूट तरी हवेत. साडेपाच भरत असतील आणि पुढच्या सीटमागे पायापाशी खळगा राहत असेल, तर त्या खळग्यात बॅग ठेवून वर फळी टाकता येते, तेव्हा लगेच नाही म्हणू नकोस.

दोन, रुंदी. ही दारापाशी मोजायची नाही. मागच्या चाकांवरचे जे उंचवटे आत येतात, त्या दोन उंचवट्यांमधली मोजायची. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गाड्यांत ती साडेतीन फुटांच्या आसपास निघते. दोन मोठी माणसं अंग चोरून झोपतात, मध्ये एखादं लहान मूल मावतं. चौघं मावत नाहीत. हे मी स्पष्ट लिहिते कारण निम्म्या लोकांची निराशा इथेच होते. चौघांच्या घराला गाडी अधिक एक छोटा तंबू हेच गणित बसतं. दोघं आत, दोघं डिकीला लावलेल्या तंबूत. पोरं दहा-बारा वर्षांची झाली की तंबूसाठी भांडतील, आत झोपायला तयारच होणार नाहीत.

तीन, बसती उंची. गादीपासून छतापर्यंत तीन फूट असले तर मांडी घालून बसता येतं आणि साडी-ड्रेस बदलता येतो. त्याहून कमी असेल तर प्रत्येक कामाला बाहेर यावं लागतं, आणि पहाटेच्या अंधारात चार बायामाणसं कुठे कुठे आडोसा शोधणार? पुरुषांना हे माप सुचत नाही. खाली सामान ठेवायला दीड फूट उंच फळीचा पलंग करायची हौस अनेकांना असते. तो झाला की बसता येत नाही, नुसतं सरपटत शिरावं लागतं. फळी बुटकी ठेव, सामान रात्री पुढच्या सीटवर टाक.

चौथं माप सासूबाईंचं. जमिनीपासून गाडीच्या उंबऱ्याची उंची. त्यांच्या गुडघ्यांना बोलेरोसारखी उंच गाडी झेपायची नाही. त्यांना सोबत घेऊन जा आणि चढून-उतरून बघू दे. त्यांच्यासमोर गाडी पसंत करू नकोस, घरी येऊन विचार.

मापं झाली की जोडे काढून आत चक्क आडवी हो. लाजू नकोस. पैसे तू देणार आहेस. सीट पाडल्यावर सपाट दिसणारी जमीन आडवं झाल्यावर कळते. कुठे चढ आहे, कुठे बेल्टचं बक्कल कंबरेत रुततं, दोन सीटांमधली फट कुठे येते. ऐटदार म्हणून मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्यांसारख्या सीट असलेली गाडी घेतात. झोपायला ती सगळ्यात वाईट, मधली फट बुजवता बुजवता जीव जातो. मधलं सलग बाकडं असलेलीच घे.

आता गाड्यांची नावं घेते. आपल्याकडे या कामाची मूळ गाडी म्हणजे मारुतीची व्हॅन, तीच पुढे ओम्नी. १९८४ला आली आणि २०१९ला बंद झाली. सरकते दरवाजे, सपाट तळ, पेटीसारखा आकार. तिच्यात लग्नाचं वऱ्हाड गेलं, पेशंट गेले, शाळेची पोरं गेली. मुक्कामाला उत्तम, पण टक्कर झाली तर ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे नुसता पत्रा. कुणी जुनी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नकोस.

तिची जागा इकोने घेतली, २०१०पासून. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना. लांबी पावणेचार मीटरच्याही आत, त्यामुळे गल्लीत सहज वळते, आणि छत सव्वाअठरा डेसिमीटर म्हणजे जवळजवळ सहा फूट उंच, त्यामुळे आत बसायला प्रशस्त. पैशाच्या मानाने इतकी मोकळी जागा दुसरी कुठलीच गाडी देत नाही. पण इंजिन बुडाखाली असल्याने उन्हाळ्यात पुढच्यांना ऊब लागते, आणि २०१६च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला एकही स्टार मिळाला नव्हता. २०२५पासून नवीन इकोला सहा एअरबॅग येतात. म्हणून इको घ्यायचीच झाली तर नवी घे, जुनी नको. एखाद्या केटरिंगवाल्या जोडप्याला किंवा डोंगर भटकणाऱ्या दोघांना मी डोळे झाकून इको सांगेन. तुमचं रोजचं जाणं-येणं हायवेवरून आहे, म्हणून तुम्हाला सांगताना अडखळते.

रेनोची ट्रायबर हे चार मीटरच्या आतलं हुशार डोकं आहे. तिच्या शेवटच्या दोन सीट कंपनीनेच सुट्या काढता येतील अशा दिल्या आहेत. त्या घरी ठेवल्या की डिकी सव्वासहाशे लिटरची होते. सातही सीट लावल्यावर मात्र डिकी चौऱ्याऐंशी लिटर, म्हणजे दोन दप्तरं. इंजिन एक लिटरचं आहे, तेव्हा पाच माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट किंवा आंबोली चढताना धीर धरावा लागेल. घाई नसलेल्यांनी घ्यावी.

एर्टिगा २०१२पासून आहे आणि २०१८ला मोठी होऊन आली. साडेचार मीटरला थोडी कमी. तिसरी रांग पाडली की साडेपाचशे लिटर, दुसरीही पाडली की आठशे. पूर्ण सपाट होत नाही, थोडा चढ राहतो, पण चार इंची फोम टाकला की तो कळत नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावाला मेकॅनिक आणि पार्ट मिळतो, हे मुक्कामाच्या गाडीला मायलेजपेक्षा मोठं आहे. रविवारी संध्याकाळी देवरुखात क्लचची तार तुटली तर कळेल.

बोलेरो रानवाटांची. मागच्या समोरासमोरच्या आडव्या सीटवर पोरांना लांबच्या प्रवासाला बसवू नकोस, अपघातात त्या बसणाऱ्याला धरून ठेवत नाहीत. गावाकडे शेती असती तर हीच सांगितली असती. इनोव्हा क्वालिसच्या जागी २००५ला आली आणि तिने नाव राखलं आहे. दणकट आहे, लांबच्या प्रवासात कंबर मोडत नाही. पण किंमत बघ आणि तुमच्या सोसायटीचं पार्किंग बघ. ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅरव्हॅनचा तर विचारच नको. महाराष्ट्र सरकारने २०२१ला कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. हौस असेल तर एकदा भाड्याने घेऊन फिरून या, दारात बांधून ठेवू नका.

पार्किंगवरून आठवलं. तुमच्याकडे यांत्रिक पार्किंग आहे ना, एकावर एक गाड्या चढवणारं? त्याला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते, पाटीवर लिहिलेली. इकोसारखी उंच गाडी बऱ्याच ठिकाणी त्यात शिरत नाही, एर्टिगा शिरते. कॅरियर लावल्यावर ती पण अडकेल. आधी पाटी वाच, मग गाडी बघ. किमतीचंही एक लक्षात ठेव. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी अठरा टक्के आहे, त्याहून मोठीला चाळीस. ट्रायबर आणि एर्टिगा यांच्या किमतीतला मोठा फरक तिथून येतो.

सीएनजी घ्यावी का, हे जावईबापू विचारतीलच. रोजच्या खर्चाला ती परवडते यात वाद नाही. पण टाकी डिकीत बसवलेली असेल तर झोपायची लांबी टाकीपाशी संपते. काही नव्या गाड्यांत टाकी तळाशी बसवतात, तशी मिळाली तर बघा. आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबाची तपासणी करून घ्यावी लागते, ती तारीख वहीत लिहून ठेव. इलेक्ट्रिकचं मी थोडक्यात सांगते. रात्रभर एसी लावून झोपता येतं, धूर नाही, हा मोठा फायदा. मुक्कामाच्या गावी चार्जर आहे का, हा तेवढाच मोठा प्रश्न. शहरातून फार लांब जाणार नसाल तर चालेल.

सेकंड हँड बघत असशील तर दोन चोर ओळखायला शिक. एक म्हणजे टॅक्सीतून पांढऱ्या पाटीवर आणलेली गाडी. आरसीवर मालकांचा इतिहास बघ, ब्रेकच्या पायपट्टीचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघ. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. दुसरा चोर म्हणजे पुरात बुडालेली गाडी. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१च्या जुलैत चिपळूण. त्यातल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या ते आम्ही गॅरेजात पाहिलं आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, की नमस्कार करून निघून ये. स्टेपनीच्या खळग्यातला गंज आणि गालिच्याखालचा वासही बघ. आणि पंधरा वर्षं होत आलेली गाडी स्वस्त वाटते, पण २०२२पासून खाजगी गाडीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारावर गेली आहे. वर पासिंगसाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी.

गाडी घरात आली की सुताराकडे आणि वेल्डरकडे धावायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९च्या जानेवारीत हेच ठासून सांगितलं. बाकडी कापून काढली, तळाला भोकं पाडून पलंग बोल्ट केला, गॅसची शेगडी पक्की बसवली, तर आरटीओ अडवेलच, पण खरी रडकथा विम्याच्या वेळी. म्हणून माझा नियम एकच. गाडीला मुक्कामासाठी जे काही जोडशील ते स्क्रू ड्रायव्हर न लावता दहा मिनिटांत बाहेर निघालं पाहिजे. सोमवारी सकाळी साडेसातला शाळा असते.

तर लागतं काय? बारा मिलिमीटर प्लायवूडच्या तीन फळ्या, बिजागऱ्यांनी जोडलेल्या, घडी होऊन दारामागे उभ्या राहतील अशा. त्यावर तीन घड्यांची चार इंची फोमची गादी. ही गादी घरी पाहुण्यांना पण होते. खिडक्यांच्या आकाराचे चकचकीत फॉइलचे तुकडे कापून घे, त्यांना कापडी काठ शिव. थांबल्यावर ते काचेला लावायचे. गाडी चालताना पडदे नकोत, आणि काळी फिल्म तर २०१२पासून सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. दोन मागच्या दारांवर टोपीसारख्या चढवता येणाऱ्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून घे, म्हणजे काच खाली करून झोपता येईल. काचांवर पाऊसपट्ट्या लावलेल्या असतील तर पावसातही दोन बोटं काच उघडी राहते. आत झोपलेल्यांच्या श्वासाने पहाटे काचा आतून घामेजतात, एक जुना सुती पंचा हाताशी ठेव. एक सिल्पॉलिनची ताडपत्री, दोन बांबू किंवा काठ्या, आणि नारळाची नाही तर नायलॉनची दोरी. डिकीचं दार उघडून त्यावर ताडपत्री टाकली की स्वयंपाकाला आडोसा झाला.

पंखा आणि दिव्यासाठी गाडीची बॅटरी वापरू नकोस. ती इंजिन सुरू करायला बनलेली असते, पूर्ण उतरवली की लवकर मरते, आणि सकाळी ढकलायला रानात माणसं आणणार कुठून? वेगळी बॅटरी घे, गाडी चालताना सॉकेटवरून ती भरते. त्या सॉकेटवर बहुतेक १२० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्यावर किटली लावली की फ्यूज गेलाच समज.

स्टेपनी आणि जॅक कुठे आहेत ते गादी घालायच्या आधी बघून ठेव. काही गाड्यांत स्टेपनी खालून काढता येते, काहींत डिकीच्या तळाशी असते. तळाशी असेल तर पंक्चर झालं की रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला अख्खा संसार उतरवायचा. जॅक, पाना आणि हवेचा छोटा पंप पुढच्या सीटखाली ठेव. जोडीला दोन लाकडी ठोकळे, चाकाला लावायला. मोठ्या रस्त्यावर दगड सापडेलच असं नाही, आणि सापडलेला दगड लोक तिथेच टाकून जातात.

वजनाचं गणित कोणी करत नाही. पाणी लिटरला एक किलो भरतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरलं, तर चौघांचे दोन दिवस म्हणजे चाळीस किलो नुसतं पाणी. त्यात गादी, फळ्या, तंबू, भांडी. एवढं सगळं छतावर बांधायची सवय लावू नकोस. छतावर किती भार चालतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तो आकडा लोकांना वाटतो त्याच्या निम्मादेखील नसतो. वर वजन गेलं की गाडी वळणावर कलते, घाटात तर पोटात गोळा येतो. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. निघायच्या आधी टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा भर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो कागद चिकटवलेला असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दोन वेगळे आकडे असतात. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून वरंधा उतरणाऱ्या गाड्यांच्या लायनरचा जळका वास अजून माझ्या नाकात येतो.

पोरं म्हणतील, गादी घातलीच आहे तर चालत्या गाडीत आम्ही झोपतो. हे कदापि नाही. चालत्या गाडीत सगळे सीटवर, सगळ्यांना बेल्ट. गादी मुक्कामाला पोचल्यावर पसरायची. मागे रचलेलं सामान आणि पोरांची डोकी यांच्यामध्ये जाळी बांधायची, नाहीतर जोरात ब्रेक लागला की कुकर पुढे येतो.

आता जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, एसीत झोपायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दरवर्षी कुठे ना कुठे अशी बातमी वाचते आणि काळीज हलतं. थंडीत कोळशाची शेगडी आत घेणं हाही तोच प्रकार. दुसरं, स्वयंपाक गाडीच्या बाहेर. पाच किलोची छोटी टाकी घेतलीस तर ती निजताना बाहेर, सावलीत, उभी ठेव. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साचून राहतो, आणि तळाशीच तुम्ही झोपलेले असता.

मुक्कामाची जागा गाडीपेक्षा महत्त्वाची. हायवेच्या कडेला कधीच नाही, समृद्धीसारख्या रस्त्यावर तर नाहीच. तिथे भरधाव ट्रकवाला डुलकी काढत येतो आणि उभी गाडी त्याला दिसत नाही. एमटीडीसीचं आवार, देवस्थानचं भक्तनिवास, ओळखीच्या पेट्रोल पंपाचं आवार किंवा गावात सरपंचांना विचारून शाळेचं मैदान. शेगावसारख्या ठिकाणी आवाराची व्यवस्था इतकी चोख असते की आपणच लाजावं. विचारून राहिलं की गावची माणसं रात्री दोनदा येऊन चौकशी करतात, न विचारता राहिलं तरी येतात, पण वेगळ्या आवाजात. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही. नदीपात्रात आणि धरणाखाली नाही, पाणी सोडल्याचा भोंगा झोपेत ऐकू येत नाही. कोकणात माडाखाली गाडी लावू नकोस, नारळ पत्र्याला पोचा पाडतो आणि काचेला सोडत नाही.

आणि पुळणीवर गाडी उतरवायची नाही म्हणजे नाही. गाडी वाळूत रुतली की भरती तिची वाट बघत नाही. कोकणातली जुनी माणसं भरतीचा ढोबळ हिशेब तिथीवरून करतात, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. पोरांना पोहायला सोडताना हा हिशेब कामाला येतो, तरी स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू देऊ नकोस.

जमिनीचा उतार बघायला पाण्याची भरलेली बाटली गाडीत आडवी ठेव. ज्या बाजूला घरंगळते, तिकडे पाय करून झोपा. गाडीचं तोंड बाहेर निघायच्या रस्त्याकडे ठेवून लावायची, म्हणजे रात्री काही झालं तर नुसती किल्ली फिरवायची. किल्ली एकाच ठिकाणी, सगळ्यांना ठाऊक असलेल्या. पंपावर संडास, पाणी आणि हवा फुकट असते, आणि संध्याकाळचं जेवण आटोपून, तिथेच सगळं उरकून मग मुक्कामाला जायचं. बायकांनी हा क्रम ठरवला की सहल सुखाची होते.

हंगाम मार्गशीर्ष ते फाल्गुन. भंडारदऱ्याला तेव्हा दोन गोधड्या लागतील, त्या घे. चैत्र-वैशाखात गाडीचा पत्रा रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो, विदर्भात आणि मराठवाड्यात तर विचारच नको. पावसाळ्यात घाटात दरडी आणि सगळ्या अंथरुणाला कुबट वास. तेव्हा खोली घ्या, पैसे खर्च करा.

गाडी घेतलीत की पहिला मुक्काम लांब करू नका. कराडला माझ्या दारात गाडी लावा, एक रात्र तिच्यात झोपा. काय राहिलं, काय जास्त झालं ते सकाळपर्यंत कळेल, आणि संडास पन्नास पावलांवर असेल.

तुमच्या घराकडे बघून माझं मत सांगते. सासूबाई सोबत असणार, हायवे रोजचा, पार्किंग यांत्रिक. एर्टिगा घ्या, पेट्रोलची, मधल्या सलग बाकड्याची, आणि जोडीला दोघांचा एक चांगला तंबू. बजेट ताणलं जात असेल तर ट्रायबर, तिच्या शेवटच्या सीट माझ्याकडे माळ्यावर ठेवायला जागा आहे. टोकन द्यायच्या आधी चारही मापं मला फोनवर सांग.